पत्रे काढणाऱ्या ठेकेदाराला दराआधी काय विचारायचं?

एप्रिल-मेमध्ये एखाद्या संध्याकाळी वावधान सुटलं, की दुसऱ्या दिवशी नागपुरातल्या शेडवाल्या ठेकेदारांचे फोन लागत नाहीत. कुणाच्या मागच्या खोलीवरचे सिमेंटचे पत्रे तडकलेले असतात, कुणाच्या गच्चीवरच्या शेडचा कोपरा उडालेला असतो, आणि सगळ्यांनाच पावसाळ्याआधी काम उरकून हवं असतं. अशा घाईत एकच प्रश्न विचारला जातो, ‘किती घेणार?’ आकडा पटला की सौदा पक्का. मग दोन पोरं हातोडा घेऊन वर चढतात आणि दुपारपर्यंत अंगणात राखाडी तुकड्यांचा ढीग पडतो. काकू घरातून झाडू आणून अंगण झाडायला घेतात.

यातला हातोडा आणि झाडू, दोन्ही घातक. कारण त्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं.

सिमेंटच्या पन्हाळी पत्र्यात साधारण ८ ते १० टक्के ॲस्बेस्टॉस असतं, बाकी सिमेंट आणि बरेचदा औष्णिक केंद्रातली राख. ॲस्बेस्टॉस हे जमिनीतून निघणारं खनिज, पण त्याचे कापसासारखे धागे सुटतात. ते जळत नाहीत, सडत नाहीत, आणि सिमेंटला ताकद देतात. आपल्याकडे पत्र्यांत वापरतात ते पांढरं ॲस्बेस्टॉस, म्हणजे क्रायसोटाइल. देशात त्याच्या खाणींचे नवे पट्टे देणं १९८६ मध्ये थांबलं, तरी रशिया, कझाकस्तान, ब्राझील इथून ते दरवर्षी लाखो टन येतं आणि पत्रे बनवणं-विकणं आजही कायदेशीर आहे. ब्रिटनने १९९९ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस त्यावर पूर्ण बंदी घातली. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था पांढऱ्यासकट सगळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसला पहिल्या गटात धरते. माणसाला कर्करोग होतो हे ज्यांच्याबद्दल सिद्ध झालं आहे, त्यांचा हा गट.

आता घाबरून वर पाहू नका. छतावर निवांत पडलेला धडधाकट पत्रा तुम्हाला फारसं काही करत नाही. चिक्कीत गूळ जसा दाणे धरून ठेवतो तसं सिमेंट हे धागे धरून ठेवतं. खरा धोका पत्रा फोडताना, ग्राइंडरने कापताना, ड्रिल मारताना, तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडताना किंवा जोराच्या पाण्याने धुताना. तेव्हा सुटणारे धागे डोळ्यांना दिसत नाहीत. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. हवेतले जे धागे तपासणीत मोजतात त्यांची जाडी ३ मायक्रॉनपेक्षाही कमी असते. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि शरीराला सहजी बाहेर टाकता येत नाहीत.

पुढचं कळायला फार वर्षं लागतात. फुप्फुसं कडक होत जाण्याचा ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हे आजार बहुधा २० ते ४० वर्षांनी डोकं वर काढतात. कामगार बिडी-सिगारेट ओढणारा असेल तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस कारखान्यांना बजावलं, की कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामावर लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांत जे नंतर येईल तोवर जपून ठेवा. कारखान्यातल्या कामगाराला निदान हा निकाल तरी आहे. तुमच्या छतावर चढलेल्या रोजंदारीच्या पोराची नोंद कुणाकडेच नसते, आणि त्या ढिगातला सगळ्यात मोठा वाटा त्याच्याच छातीत जातो. घरमालक एक दिवस त्या धुळीत उभा राहतो, तो रोज राहतो.

आधी एक छोटं काम. पत्रा ॲस्बेस्टॉसचाच आहे का, ते पाहा. जुनं बिल सापडलं तर त्यावर ‘एसी शीट’, म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंटचा पत्रा, असं काहीतरी लिहिलेलं असेल. पत्र्यावरचा शिक्का अजून वाचता येत असेल तर तिथे भारतीय मानकाचा क्रमांक दिसतो. आयएस ४५९ असेल तर तो ॲस्बेस्टॉस सिमेंटचा पन्हाळी पत्रा. आयएस १४८७१ हे दुसऱ्या धाग्यांच्या, ॲस्बेस्टॉस नसलेल्या सिमेंट पत्र्यांचं मानक आहे. शिक्का पुसला असेल आणि घर बऱ्याच वर्षांचं असेल, तर ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चालणं स्वस्त पडतं. प्रयोगशाळेत खात्री करता येते. ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा पाहतात. पण तपासणी एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतच करा, आणि मान्यता नेमकी याच तपासणीसाठी आहे का तेही विचारा. नमुना म्हणून नखाएवढा तुकडा पुरतो, आधीच तुटलेल्या कडेचा, ओला करून, दोन पिशव्यांत बंद केलेला.

पत्र्यांसोबत घरात आणखी काय आहे तेही पाहून ठेवा. गच्चीवरून खाली येणारे जुने राखाडी पाइप बरेचदा त्याच मालाचे असतात. हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत तुमचं जुनं युनिट असेल, तर बॉयलरच्या आणि वाफेच्या पाइपांवरचं पांढरं पुठ्ठ्यासारखं आवरण आणि भट्टीच्या दाराची दोरी यांना हातसुद्धा लावू नका. पत्र्यात धागा सिमेंटने बांधलेला असतो, या आवरणात तो जवळजवळ मोकळाच असतो आणि चिमटीत धरलं तरी भुगा होतो. ते काम कोणत्याच शेडवाल्याचं नाही. त्यासाठी बंदिस्त तंबू, आतली हवा गाळून ओढून घेणारी यंत्रं आणि बाहेर येताना अंघोळीची सोय लागते. इथून पुढे मी फक्त पत्र्यांबद्दल बोलतो.

पत्रे धड असतील तर काढूच नका, हेही एक खरं उत्तर आहे. वरून रंग मारून किंवा खालून छत झाकून ते आणखी काही वर्षं ठेवता येतात, फक्त रंगाआधी घासायचं नाही आणि झाकताना पत्र्यात भोक पाडायचं नाही. जुन्या पत्र्यांवरच टिना ठोकून द्यायची टूम नागपुरात बरीच चालते. ती मला पटत नाही. प्रत्येक स्क्रूला जुन्या पत्र्यात एक भोक पडतं, आणि खालच्या वाशांवर दोन छपरांचा भार येतो.

काढायचेच ठरले, तर ठेकेदार कोण? इथे आपली पंचाईत आहे. ऑस्ट्रेलियात १० चौरस मीटरपेक्षा जास्त घट्ट बांधलेलं ॲस्बेस्टॉस काढायचं तर परवानाधारक लागतो. ब्रिटनमध्ये भुसभुशीत आवरण काढायला परवाना लागतो. सिमेंटचे पत्रे अख्खे उतरवणार असाल तर सहसा लागत नाही, पण प्रशिक्षित माणसं लागतातच. भारतात ॲस्बेस्टॉस काढण्याचा असा वेगळा परवानाच नाही. त्यामुळे ‘आम्ही लायसनवाले आहोत’ असं कुणी म्हटलं, तर ‘कशाचं लायसन?’ एवढंच विचारा. गुमास्ता दाखवतील, तो दुकानाचा. जीएसटी दाखवतील, तो कराचा. बांधकाम खात्याची नोंदणी दाखवतील, ती सरकारी कामांची निविदा भरायला. आयएसओ ९००१ ची चौकट भिंतीवर असेल, तिचा ॲस्बेस्टॉसशी संबंध नाही. हे कागद असावेत, त्यांनी माणूस पळून जाणार नाही एवढं कळतं. पत्रा कसा उतरवतो ते त्यांतून कळत नाही.

म्हणून दराआधी हा प्रश्न विचारा: काढलेले पत्रे कुठे जाणार?

बहुतेक ठिकाणी उत्तर तयार असतं. ‘त्याचं काही टेन्शन नका घेऊ ना जी, जुना माल आम्हीच उचलतो. उलट त्याचे पैसे बिलातून कापून देतो.’ ऐकायला किती छान! पण जुन्या पत्र्याचे पैसे मिळतात याचा अर्थ तो कुठेतरी विकला जातो. अख्खे निघालेले पत्रे खेड्यात कुणाच्या गोठ्यावर चढतात, तुटके रिकाम्या प्लॉटवर किंवा नव्या घराच्या जोत्याच्या भरणात जातात. पुढे कधीतरी तिथे नळाची लाइन टाकायला कुणी खोदतो आणि धूळ पुन्हा वर येते. तुमचं बिल कमी करणारी ती रक्कम त्या गोठ्यातल्या माणसाच्या फुप्फुसातून आलेली असते. मला विचाराल तर मुलाखत इथेच संपवावी.

ज्याला हे काम कळतं तो बुटीबोरीचं नाव घेईल. महाराष्ट्रात घातक कचऱ्यावर प्रक्रिया करून तो सुरक्षित पुरणारी सामायिक केंद्रं मोजकीच आहेत आणि त्यातलं एक आपल्या शेजारी, बुटीबोरी एमआयडीसीत आहे. विदर्भातल्या बाकी जिल्ह्यांपेक्षा नागपूरकरांना हा मोठा सोयीचा भाग. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत टाकून दिलेलं ॲस्बेस्टॉस नावानिशी आलेलं आहे. असा माल हलवताना नमुना १० चं मॅनिफेस्ट भरतात. माल कुणाकडून निघाला, कोणत्या गाडीने गेला, किती होता आणि कुणी उतरवून घेतला, हे सगळं त्यात असतं. ठेकेदाराला हा कागद माहीत आहे का, याआधी कधी भरला होता आणि त्याची प्रत दाखवाल का, हे विचारा. मग त्याच्या भरवशावर न राहता केंद्राला स्वतः फोन करा: इतके पत्रे आहेत, घरगुती आहेत, कसे बांधून आणायचे आणि टनाला काय घेता? अडचण वाटली तर सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय आहे, तिथे लेखी विचारा. मलब्याच्या ट्रॉलीत किंवा मनपाच्या कचरागाडीत हा माल घालायचा नाही, मग तो भांडेवाडीच्या कचरा डेपोलाच जाणार असला तरी.

दुसरा प्रश्न, तुम्ही पत्रा सोडवता कसा? उत्तर बोटांनी करून दाखवायला सांगा. पत्रे लोखंडी पट्ट्यांना इंग्रजी ‘J’ अक्षराच्या आकाराच्या हूक बोल्टने धरलेले असतात, वर नट आणि डांबरी वायसर. इतक्या पावसाळ्यांनंतर नट गंजून बसलेला असतो, पाना फिरत नाही. इथेच दोन माणसांतला फरक दिसतो. एक जण बोल्टभोवतीचा पत्रा हातोड्याने फोडतो, म्हणजे बोल्ट मोकळा. दुसरा आधी बोल्टभोवती बारीक फवारा मारतो, मग बोल्टकटरने खालचा हूक किंवा वरचा नट तोडतो, पत्र्याला न शिवता. पत्रा अख्खा सुटतो. दोघं जण तो हातांत धरून किंवा दोरीने खाली सोडतात, खालचा माणूस तो प्लास्टिकवर आडवा ठेवतो. फेकणं नाही, घसरवणं नाही. ग्राइंडरचं नाव निघालं तर समजा, त्याला काम माहीत नाही.

फवाऱ्यासाठी पाठीवरचा फवारणी पंप उत्तम चालतो, पाण्यात थोडं भांडी घासायचं लिक्विड घातलं की पाणी पत्र्यात मुरतं. पंप मात्र नवाच हवा. आपल्याकडे कपाशीवर मारलेल्या औषधाचा पंप शेजारून उसना आणायची सवय आहे, तो इथे नको. एकाने फवारायचं, एकाने सोडवायचं, म्हणजे या कामाला दोन पोरं पुरत नाहीत. कमी माणसांचा दर आला तर त्याचं कारण हेच असतं.

ओला पत्रा निसरडा होतो, आणि सिमेंटचा पत्रा माणसाचा भार सहन करेलच याची खात्री नसते. धुळीचा आजार वीस वर्षांनी येतो, पत्र्यातून आरपार खाली पडणं त्याच दिवशी होतं. चांगला ठेकेदार पत्र्यावर चढतच नाही. खालून मचाण बांधून काम करतो. चढावंच लागलं तर पट्ट्यांवर आडव्या फळ्या टाकतो, पूर्ण अंगाचा हार्नेस घालतो आणि तो पत्र्याला नाही, भक्कम आधाराला बांधतो. बुटीबोरी, हिंगणा किंवा कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांत शेडची कामं केलेल्या ठेकेदारांना या शिस्तीची सवय असते, कारण तिथे वर्क परमिटशिवाय वर चढू देत नाहीत. मला निवड करायची असती तर गल्लीतल्या स्वस्त मिस्त्रीपेक्षा असा माणूस आधी शोधला असता. त्याच्याकडे औद्योगिक सुरक्षेची एडीआयएस पदविका केलेला सुपरवायझर असतो का, तेही विचारा. ब्रिटनच्या बीओएचएस संस्थेचा पी४०५ हा ॲस्बेस्टॉस काढण्याच्या व्यवस्थापनाचा कोर्स केलेलं कुणी निघालं, तर ती खरी मिळकत.

मास्क दाखवायला सांगा. गमछा, सर्जिकल मास्क, कोविडमधला एन९५, हे या कामाला चालत नाहीत. एफएफपी३ दर्जाचा मास्क किंवा पी१०० फिल्टरचा रबरी अर्धमुखवटा हवा, आणि तो चेहऱ्याला घट्ट बसायला हवा. दाढी असेल तर बाजूने हवा शिरते, मग कितीही महाग मास्क असो. अंगात टोपीसकट एकदा वापरून टाकायचा पूर्ण सूट हवा. तोच दिवसाच्या शेवटी पत्र्यांसोबत पिशवीत बंद होतो. हे कपडे घरी नेले तर धूळ कुठे जाते? परदेशांत कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात भरपूर आहेत. तेव्हा ठेकेदार म्हणाला, ‘पोरं घरी जाऊन अंघोळ करतात’, तर तुमच्याच बाथरूमची चावी द्या.

उतरवलेले पत्रे जाड प्लास्टिकमध्ये, निदान २०० मायक्रॉनच्या, दोन थरांत गुंडाळून टेपने बंद करायचे आणि वर ॲस्बेस्टॉस असं मोठ्या अक्षरांत लिहायचं. अंगण कोरडं झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकंही त्याच पिशवीत. घरातला व्हॅक्युम क्लीनर अजिबात नाही. त्याचा फिल्टर हे धागे अडवत नाही, मागून हवेत सोडतो.

आणि कूलर. हे परदेशी मार्गदर्शिकेत सापडणार नाही. कूलर बाहेरची हवा ओढून घरात सोडतो, खिडकीला लावला असेल तर थेट अंगणातली. काम चाललेल्या दिवशी तुमचा कूलर बंद आणि शेजाऱ्यांचेही, दोन्ही बाजूंचे. मे महिन्यात ४५ अंशांत शेजाऱ्याला कूलर बंद कर म्हणून सांगून पाहा, संबंध कुठवर टिकतात ते कळेल. हे काम दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत करण्याचं माझ्या मते हे सगळ्यात मोठं कारण. त्या दिवसांत कूलर माळ्यावर असतात, वावधान नसतं, छत कोरडं असतं आणि ठेकेदाराला तुमच्याशी बोलायला वेळ असतो.

आधीच कुणीतरी हातोड्याने पत्रे फोडून गेला असेल, तर? दुसऱ्याच दिवशी एक्स-रे काढण्यात अर्थ नाही, त्यात काही दिसत नाही. एका दिवसाच्या धुळीने होणारा धोका रोजच्या कामगारापेक्षा फार कमी असतो, अगदी शून्य मात्र नाही. तुकडे ओले करा, उचलून दुहेरी पिशवीत भरा, माती वरवर खरवडून तीही भरा. डॉक्टरकडे जाल तेव्हा ही गोष्ट सांगून ठेवा आणि बिडी-सिगारेट असेल तर सोडा. जे वर्षानुवर्षं पत्र्याची कामं करत आले आहेत त्यांनी मात्र छातीच्या डॉक्टरकडे जाताना आपलं काम आवर्जून सांगायला हवं; नाहीतर धाप टीबीच्या खात्यात जमा होते.

सौदा कागदावर घ्या. किती पत्रे, कोणत्या पद्धतीने, किती माणसं, मास्क-सूट कोण देणार, पत्रे कुठे आणि कोणत्या गाडीने जाणार, तुकडे पडले तर सफाई कुणाची. मजुरांचा विमा आहे का, तेही त्यातच लिहून घ्या. मजूर पडला तर भरपाईचा प्रश्न तुमच्या दारात येऊ शकतो, कायद्यात ही तरतूद १९२३ पासून आहे. आणि पैसे तीन हप्त्यांत: थोडे सुरुवातीला, थोडे पत्रे गुंडाळून गाडीत चढल्यावर, आणि चांगली घसघशीत रक्कम बुटीबोरीच्या शिक्क्याचं मॅनिफेस्ट हातात आल्यावर. ही शेवटची अट वाचून जो ठेकेदार ‘एवढं कोण करतं जी’ म्हणत उठून जातो, त्याला जाऊ द्या. जो खिशातून फोन काढून तिथल्या माणसाला तुमच्यासमोर दर विचारतो, त्याच्याशी मग रुपये-पैशांचं बोला.